शिळा ऊस, फुकटचा बगॅस आणि तांबड्या रश्शाची वाटी: उसापासून प्लास्टिक करताना या चुका टाळा

मध्यंतरी आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी फिरली, 'कुंभीत उसापासून प्लास्टिक!' लगेच अभिनंदनाचे गुच्छ, फेटेवाले इमोजी, 'नाद खुळा' वगैरे झालं. मग कुणीतरी लिंक उघडून वाचली. आपली कुंभी म्हणजे कोल्हापूरकडची, पंचगंगेला मिळणारी नदी. बातमीतली कुंभी होती उत्तर प्रदेशात, लखीमपूर खिरी जिल्ह्यात. तिथं बलरामपूर चिनी मिल्सनं वर्षाला ८० हजार टन पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचा, म्हणजे पीएलए या बायोप्लास्टिकचा प्रकल्प जाहीर केलाय.

हसून झालं, पण तेव्हापासून लोक विचारायला लागले. ऊस आपला, उतारा (उसामागं मिळणारी साखर) राज्यात चांगला, मग आपल्याकडं का नाही? होईलही. पण माझी नोकरी कारखान्याच्या लॅबमध्ये आणि नंतर डिस्टिलरीत गेली, त्यामुळं आधी बिघाड दिसतात. बायोरिफायनरी म्हणजे एका कंपाउंडात चार प्लँट नव्हेत. एकाचं उरलेलं दुसऱ्याला हव्या त्या वेळी आणि हव्या त्या शुद्धतेनं मिळायला हवं. मशिनरी सहसा दगा देत नाही. घोळ होतो तो दोन प्लँटच्या सांध्यात.

'बगॅस: स्वतःचा, खर्च शून्य'

प्रकल्प अहवालात ही ओळ दिसली की तिथंच पान दुमडून ठेवा. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस, म्हणजे रस काढून उरलेलं चिपाड, निघतो आणि त्यात निम्मं पाणी असतं. २८ टन धरा. बॉयलरमध्ये जाळून टनाला सव्वादोन टन वाफ मिळाली तर झाली ६३ टन. जुन्या बांधणीच्या कारखान्याला १०० टन उसामागं ४५ ते ५० टन वाफ साखर करायलाच लागते. उरली १३ ते १८ टन, म्हणजे जेमतेम ६ ते ८ टन बगॅस. तोही बहुतेक ठिकाणी कोजनच्या, म्हणजे बगॅस जाळून करायच्या, विजेसाठी बांधलेला. पीएलए करायचं म्हणजे साखर आंबवून लॅक्टिक अ‍ॅसिड, त्याचं लॅक्टाइड आणि त्याचं प्लास्टिक. वर हे लॅक्टिक अ‍ॅसिड आटवायला आणि लॅक्टाइड व्हॅक्यूमखाली ऊर्ध्वपातित करायला तुम्हाला आणखी वाफ लागणारच आहे.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. आधी बाष्पीभवनाची साखळी सुधारा, फॉलिंग फिल्म प्रकारचे आटवणारे संच बसवा, व्हेपर ब्लीडिंग (रस आटवताना निघणारी वाफ पुन्हा वापरणं) वाढवा. वाफेचा खप ३८ टनांवर आला की हाती ११ टन बगॅस राहतो. तेवढ्यावरच पुढचं गणित मांडा.

बगॅसचं रसायनच करायचं असेल तर वाळूचा बंदोबस्त आधी. हार्वेस्टरनं तोडलेल्या उसाबरोबर माती येते आणि ती पंपाचे इंपेलर, व्हॉल्व्ह आणि प्रीट्रीटमेंटचा, म्हणजे बगॅस शिजवून त्यातली साखर मोकळी करायचा, रिअ‍ॅक्टर खरवडून काढते. आम्लात जास्त शिजवलं की बगॅसमधल्या हेमिसेल्युलोजचं फरफ्युरल नावाचं रसायन होतं आणि यीस्ट मरगळतं. फर्मेंटेशन थंड पडलं की ऑपरेटर यीस्टला शिव्या घालतो. तपासायला हवं प्रीट्रीटमेंटचं तापमान आणि वेळ. आसामात नुमालीगडला बांबूच्या रिफायनरीत इथेनॉलबरोबर हेच फरफ्युरल वेगळं काढून माल म्हणून विकायची सोय केली आहे.

मळीपासून प्लास्टिक

कागदावर आकडे मोह पाडतात. १ किलो साखरेपासून इथेनॉल जास्तीत जास्त ५११ ग्रॅम, लॅक्टिक अ‍ॅसिड मात्र जवळजवळ १ किलो. त्यातलं पाणी काढून पीएलए केलं तरी ८०० ग्रॅम. मग डिस्टिलरीची मळी इकडं वळवू, असं कुणालाही वाटेल.

मी छोट्या फ्लास्कमध्ये ते करून पाहिलंय. सी-हेवी मळी, म्हणजे साखर काढून झाल्यावर शेवटी उरणारी, पातळ केली, जीवाणू सोडले. दोन दिवस ठीक चाललं, मग आम्ल वाढायचं थांबलं, आणि जे मिळालं त्याचा रंग गाळणीतून दहा वेळा काढूनही उतरेना. दोष जीवाणूंचा नव्हता. सी-हेवी मळीत निम्म्याच्या आसपास साखर असते, बाकीचे क्षार, कॅल्शियम, करपलेल्या साखरेचा रंग आणि सल्फिटेशनचं उरलेलं गंधक. यीस्ट हे सगळं पचवतं. लॅक्टिकचे जीवाणू नाजूक, त्यांना वर अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वंही द्यावी लागतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्लास्टिकच्या दर्जाचं लॅक्टिक हवं असेल तर सिरप किंवा कच्ची साखर वापरा. मळी इथेनॉलला जाऊ द्या. आणि एकाच कच्च्या मालावर प्लँट बांधू नका. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं त्या वर्षाच्या इथेनॉलसाठी उसाचा रस आणि सिरप वापरायला एकाएकी मनाई केली, तेव्हा अनेकांच्या नियोजनाचं काय झालं ते आठवत असेल. साखर, सिरप आणि बी-हेवी (सी-हेवीच्या आधीच्या टप्प्यातली, जास्त साखरेची मळी) या तिन्हींच्या पाइपलाइन पहिल्या दिवसापासून हव्यात.

आम्ल तेवढंच, पण प्लास्टिक मऊ

हा बिघाड सगळ्यात फसवा. टायट्रेशनला, म्हणजे आम्ल मोजायच्या साध्या चाचणीला, आम्ल पूर्ण दिसतं, उत्पादन ठीक, लॅबचा रजिस्टर हिरवागार. आणि तयार पीएलए मात्र १७० अंशांच्या पुढं वितळायला हवं, ते १५० च्या आसपासच वितळतंय. मोल्डमध्ये नीट स्फटिक धरत नाही.

लॅक्टिक अ‍ॅसिडचे दोन प्रकार असतात, उजव्या-डाव्या हातासारखे, एल आणि डी. चांगल्या पीएलएला एल ९९ टक्क्यांच्या वर लागतं. डीचे चार-पाच टक्के मिसळले तरी वितळणबिंदू घसरतो. टायट्रेशनला हा फरक कळतच नाही, कारण त्याला दोन्ही आम्लंच. त्यासाठी एल आणि डी वेगळे करून मोजणारी कायरल कॉलमची एचपीएलसी किंवा एन्झाइमची चाचणी लागते.

हे डी येतं कुठून? बऱ्याचदा उसाच्या फडातून. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस रस्त्यावर किंवा कारखान्याच्या यार्डात ट्रॉलीत तापत राहिला की त्यात ल्यूकोनॉस्टॉक नावाचा जीवाणू फोफावतो. साखरवाल्यांना हा जुना शत्रू माहीत आहे. तोच डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतो, साखर शिजवायच्या पॅनमध्ये चिकटपणा आणतो, स्फटिक लांबट करतो. तो लॅक्टिकही करतो, आणि नेमकं डी प्रकारचं. म्हणजे शिळ्या उसाची शिक्षा साखरेच्या पॅनला एकदा आणि तुमच्या रिअ‍ॅक्टरला पुन्हा.

तोडणीपासून गाळपापर्यंतचे तास ट्रॉलीच्या पावतीवर लिहायला लावा. २४ तासांच्या आतला ऊस लॅक्टिकच्या सिरपसाठी वेगळा घ्या, बाकीचा साखरेला. सिरप फर्मेंटरला जाण्याआधी निर्जंतुक करा. पाइपलाइनमध्ये जिथं द्रव साचून राहतो असे आंधळे कोपरे कापून टाका. आमच्याकडं एकदा तीन महिने सापडत नसलेलं इन्फेक्शन शेवटी वापरात नसलेल्या बायपासच्या हातभर पाइपात सापडलं. ५० अंशांच्या वर काम करणारे जीवाणू निवडले तर अशा पाहुण्यांना राहायलाच अवघड जातं.

जिप्समचा डोंगर

फर्मेंटेशनमध्ये आम्ल वाढलं की जीवाणू गुदमरतात, म्हणून चुना घालतात. नंतर सल्फ्युरिक अ‍ॅसिडनं लॅक्टिक मोकळं करतात, तेव्हा लॅक्टिकच्या टनामागं जवळपास एक टन जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तयार होतं. दहा हजार टनांचा प्लँट म्हणजे दहा हजार टन ओलं, वास मारणारं जिप्सम. ले-आउटमध्ये त्याला जागाच नसते.

मग कुणीतरी म्हणतं, शिरोळला देऊ, तिथं जमिनी खराब झाल्यात. कल्पना वाईट नाही, पण अर्धवट आहे. जिप्सम चोपण जमिनीला लागू पडतं, जिथं सोडियमनं माती घट्ट झाली आहे. नुसत्या क्षारपड जमिनीला आधी निचरा हवा. तिथं जिप्सम टाकणं म्हणजे मिठात मीठ. आधी माती तपासा, जिप्समही धुऊन, वाळवून तपासा. ज्यांना हे लफडं नको त्यांनी कमी सामूत, म्हणजे जास्त आम्लात, तगणारं यीस्ट किंवा इलेक्ट्रोडायलिसिसचा (विजेनं आम्ल वेगळं करायचा) मार्ग सुरुवातीलाच बघावा. प्लँट उभारल्यावर तो बदल परवडत नाही.

याच सल्फेटचा एक चोरटा त्रास डायजेस्टरला होतो. लॅक्टिकचं सांडपाणी प्रेसमडच्या (रस स्वच्छ करताना निघणाऱ्या गाळाच्या) बायोगॅस टाकीत सोडलं की मिथेन करणाऱ्यांना बाजूला सारून सल्फेट खाणारे जीवाणू पुढं होतात. गॅस कमी, कुजक्या अंड्याचा वास जास्त, आणि काही महिन्यांत इंजिनचे भाग गंजलेले. सल्फेटचं पाणी वेगळं ठेवा. बाकी प्रेसमडच्या टाकीचं दुखणं नेहमीचंच: हावरटपणे भरली की आंबते. आम्लाचं अल्कलिनिटीशी (आम्ल झेलायच्या ताकदीशी) प्रमाण ०.४ च्या पुढं गेलं की दोन दिवस खाऊ घालणं बंद. २५ टन प्रेसमडमागं साधारण १ टन सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) मिळतो, त्याहून जास्त सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

हंगामाचं एका वाक्यात: गळीत १२० ते १५० दिवस, पॉलिमर प्लँट चालवायचा ३३० दिवस, तेव्हा सिरपच्या टाक्या प्लँटइतक्याच महत्त्वाच्या.

दाणा हाती आला, पुढं काय

आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या मोल्डिंगवाल्यांकडं पीएलएचा दाणा गेला की ते पॉलिप्रॉपिलीनसारखा सरळ हॉपरमध्ये ओततात. जुलैच्या हवेत तर विचारायलाच नको. ओलावा ०.०२५ टक्क्यांच्या वर असला की वितळताना साखळ्या तुटतात, मोल्डमधून माल पाण्यासारखा पळतो आणि वस्तू हातात मोडते. उपाय साधा आहे, स्फटिकरूप दाणा ८० अंशांवर चार तास कोरड्या हवेच्या ड्रायरमध्ये. भंगार परत वापरताना मात्र त्याच तापमानाला गोळा होतो, त्याला आधी स्फटिक करून घ्यावं लागतं.

मग वाटी. पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं. उकळता तांबडा रस्सा त्यात ओतला की वाटी वाकडी होते आणि गिऱ्हाइकाची पँट रंगते. थंड सोलकढीला चालेल. रश्शाला बगॅसच्या लगद्याची दाबून केलेली वाटी बरी. ती बायोप्लास्टिक नव्हे, पण आपला मुद्दा वाटी न वाकण्याचा आहे.

पिशव्यांचं असं की, कंपोस्टेबल पिशवी पत्र्याच्या गोडाऊनमध्ये उन्हाळा आणि पावसाळा काढू शकत नाही. उकाड्यानं आणि दमटपणानं ती आतून कमजोर होते आणि दिवाळीत बाजारात नेली की बंद तुटतो. उत्पादनाची तारीख छापा, जुना माल आधी काढा. कंपोस्टेबल म्हणून विकायचं तर आयएस/आयएसओ १७०८८ ची चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. नुसतं 'बायो' छापून भागत नाही: उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिनही बनतं, ब्राझीलमध्ये २०१० पासून बनतंय, आणि ते साध्या पॉलिथिनसारखंच कुजत नाही.

पीएलए तरी कुठं कुजतं? रंकाळ्यात नाही, पंचगंगेत नाही, परसातल्या खड्ड्यातही धड नाही. चाचणीत त्याला ५८ अंशांच्या आसपासचं तापमान महिनोनमहिने देतात. अशी ऊब शोधायला लांब जायला नको. प्रेसमडच्या खताच्या राशी यार्डात ६० अंशांपर्यंत तापतात, एरोटिलर यंत्र त्या परततं, वर ओलावाही असतो. कारखान्याच्या कॅन्टीनच्या वाट्या गोळा करून एका वेगळ्या राशीत घाला, तापमान रोज लिहा आणि १२ आठवड्यांनी ते खत २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. टाकलेल्या वाट्यांच्या वजनापैकी १० टक्क्यांहून जास्त तुकडे चाळणीवर राहिले तर ती रास सभासदांना वाटू नका. पुन्हा ओली करा, परता आणि आणखी चार आठवडे थांबा.