पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी प्लवकांची वाढ कशी तपासावी

कोकणातील खाड्यांत पावसाळ्यात वनस्पतिप्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना, पोषणाची उणीव क्वचितच भासते. खरी उणीव असते ती उजेडाची. नद्या नायट्रेट आणि सिलिकेट भरपूर वाहून आणतात, आणि डायॅटम या एकपेशीय वनस्पतिप्लवकांचे कवच तर सिलिकेटमधूनच घडते. पण त्याच लोंढ्याबरोबर आलेला गाळ ऊन पाण्यात उतरू देत नाही. म्हणून संततधारेत एकदा नमुना घेऊन थांबू नये. पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली की त्याच जागी पुन्हा घ्यावा. माझ्या मते पावसाळी नोंदवहीतील सर्वांत मोलाचे पान या उघडिपीचे असते.

जेटीसारखी पक्की जागा निवडावी आणि उधाणाचे दिवस टाळावेत. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असणाऱ्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असते. प्रत्येक वेळी पूर्ण भरतीचीच वेळ धरावी, नाहीतर ओहोटीच्या गोड्या पाण्याची तुलना भरतीच्या खाऱ्या पाण्याशी होईल.

प्रथम पारदर्शकता मोजावी. 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेकी चकती सावलीच्या बाजूने दोरीवर सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोन्हींची सरासरी लिहावी. वाढीपुरता उजेड साधारण त्याच्या दुप्पट ते तिप्पट खोलीपर्यंत पोहोचतो.

मग क्षारता पाहावी, आणि ती पृष्ठभागाची व तळाची अशी दोन्हीकडची. तळाच्या पाण्यासाठी वजन बांधलेली बाटली बूच लावून सोडावी आणि तळाजवळ गेल्यावर दुसऱ्या दोरीने बूच ओढावे. खुल्या समुद्राची क्षारता 35च्या आसपास, म्हणजे दर किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार, असते. वरचे पाणी जवळजवळ गोडे आणि तळाचे खारे निघाले, तर पाण्याचे थर पडले आहेत असे समजावे. अशा वेळी गाळ खाली बसला की वरच्या थरातील पेशी उजेडातच राहतात आणि झपाट्याने वाढतात. दोन्ही पाणी गोडे निघाले, तर पुराने समुद्री प्लवक बाहेर लोटलेले असतात.

नमुन्यासाठी बादलीने एक लिटर पाणी घ्यावे. प्लवक गाळून घेण्याची जाळी येथे नको, कारण ती गाळाने तुंबते आणि बारीक पेशी तिच्यातून निसटतात. ल्युगोलचे आयोडीन (पेशी टिकवून ठेवणारे द्रावण) थेंबाथेंबाने घालून पाण्याला फिक्या चहाचा रंग आणावा, किमान एक दिवस अंधारात स्थिर ठेवावे, वरचे पाणी नळीने अलगद काढून तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. स्केलेटोनेमा या डायॅटमच्या साखळ्या वाढलेल्या दिसल्या, तर पुढचे काही दिवस 200 मायक्रॉनच्या जाळीने प्राणिप्लवकही गोळा करावेत, कारण त्यांतील कोपेपॉड हे बारीक कवचधारी प्राणी या डायॅटमवर चरतात.

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किनाऱ्याबाहेरील नोंदी मिळत असतील, तर तळाचे तापमान आणि ऑक्सिजनही लिहावा. या काळात खोल समुद्रातील थंड, पोषक पण ऑक्सिजन कमी असलेले पाणी उथळ भागाच्या तळाशी सरकते. त्यामुळे वर प्लवक भरपूर असूनही तळाचे मासे तेथून दूर जाऊ शकतात.