मृगापासून उन्हाळ्यापर्यंत: प्राण्यांच्या ऋतुकथांची कॉमिक मालिका कशी काढावी

लातूरजवळच्या आमच्या गावात मुलांना कोरे कागद देऊन मी म्हटलं, ऋतूंचं कॉमिक काढा. निम्म्या कागदांवर बर्फ पडला. त्यांनी पाहिलेल्या पुस्तकांतले ऋतू तसेच होते, त्यात त्यांचा काय दोष? तेव्हापासून मी मालिकेची सुरुवात पेन्सिलीनं करत नाही, पंचांगानं करते.

आधी वर्ष मांडा

सुरुवातीला चार अंक पुरेत. 7-8 जूनला मृग लागतो, तो पहिला. श्रावणी अमावास्येचा पोळा दुसरा. डिसेंबर-जानेवारीत येणारी वेळा अमावास्या, म्हणजे लातूर-धाराशिवकडची आपली येळवस, रानात साजरा होणारा सण, तिसरा. आणि चौथा उन्हाळा. प्रत्येक अंकासाठी एक प्रश्न लिहून काढा: या दिवसांत प्राण्याला काय हवं असतं आणि ते कशामुळं मिळत नाही? उत्तर ऋतूतूनच आलं पाहिजे. हीच गोष्ट जानेवारीतही घडू शकत असेल, तर तिच्यात पावसाळा नुसता पडद्यासारखा मागं टांगलेला आहे. ती गोष्ट खुशाल फाडून टाका.

पात्रं रानातून घ्या

सिंह-वाघांची गरज नाही. देवणी जातीचा बैल घ्या. त्याच्यात वान्नेरा म्हणजे पांढरं अंग आणि चेहऱ्यावर काळा रंग, तर शेवेरा म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके. एवढ्या फरकावर दोन भाऊ उभे राहतात. नांदेडकडचा लाल कंधारी बैल काळ्या रानात उभा केला की पान लांबून ओळखू येतं. काळी कुळकुळीत उस्मानाबादी शेळी, टिटवी, खोकड, घोरपड, हिवाळ्यात जायकवाडीला उतरणारे रोहित पक्षी, सगळे हाताशी आहेत. मुख्य पात्रं मात्र तीनच ठेवा, बाकीचे पाहुणे.

पाहुण्यांची सोय तर पंचांगानंच केलेली आहे. पावसाच्या नक्षत्रांना वाहन असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. ते दरवर्षी बदलतं. म्हैस किंवा बेडूक म्हटलं की पारावरची म्हातारी माणसं खूश होतात, कोल्हा म्हटलं की गप्प बसतात. यंदा मृगाचं जे वाहन असेल, त्याला पहिल्या अंकात वेशीतून आत येऊ द्या. तो काय घेऊन आलाय हे बाकीच्या जनावरांना माहीत नाही, आणि गोष्ट तिथंच सुरू होते.

प्रत्येक पात्राचा एक नमुना-कागद करा. त्यावर समोरून, बाजूनं, पाठीमागून, घाबरलेलं आणि झोपलेलं अशी पाच चित्रं हवीत. मग त्याची नुसती काळी सावली भरून पाहा. सावलीवरून शेळी कोणती आणि खोकड कोणतं हे कळलं नाही, तर कान-शेपटी बदला. चौथ्या अंकापर्यंत तोंडवळा टिकतो तो या कागदामुळं.

गोष्ट पानांत बसवा

पहिल्या अंकाचं एक उदाहरण सांगते. टिटवी घरटं जमिनीवरच करते. ढेकळांत चार अंडी, तीही ढेकळांच्याच रंगाची. मृगाचा पाऊस झालाय, पावशा झाडावरून ‘पेरते व्हा’ ओरडतोय, आणि तिफणीला जुंपलेल्या बैलाला नेमकी समोर ती अंडी दिसतात. थांबावं तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, जातो, चालावं तर अंडी जातात. बैल पाय रोवतो. धनी म्हणतो, “काय करायलास रे, चल की!” बैलाला माणसाची भाषा येत नाही, आणि टिटवी डोक्यावर नुसती किंचाळतेय. ही अडचण फक्त पेरणीच्याच दिवसांत येते.

एका पानावर चार ते सहा चौकटी ठेवा. आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत पूर्ण अंक काड्यांच्या चित्रांनी काढून बघा, म्हणजे कुठं रेंगाळलं ते दिसतं. अंडी दिसतात ती चौकट पान उलटल्यावर यायला हवी. म्हणजे उजव्या पानाच्या शेवटी बैलाचा रोवलेला खूर आणि पुढच्या पानावर, अख्ख्या पानभर, ती चार अंडी.

ऋतू रंगांतून आणि सावल्यांतून दाखवा. उन्हाळ्यात दुपारची सावली पायाखाली गोळा होते, हिवाळ्यात लांब पडते. येळवशीच्या रानात हिरवी ज्वारी, हरभरा आणि कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, हवी. उन्हाळ्यात पळस, तडे गेलेली काळी जमीन आणि पाणी. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. त्या डब्यांच्या गळत्या नळाखाली चोच उघडून बसलेली चिमणी, एवढ्यावर चौथा अंक उभा राहील.

बोलणं

एका फुग्यात 12-15 शब्दांच्या वर जाऊ नका. आधी बोलणाऱ्याचा फुगा डावीकडं आणि वर घ्या. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळं ओळींत जागा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीत घुसतात. संगणकावर लिहिणार असाल तर युनिकोड फॉन्टच वापरा. ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ मोफत मिळतात. चित्रांसाठी ‘क्रिता’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. भाषा आपलीच ठेवा. शेळीनं “पाणी पडंना गेलंय” म्हटलं की ती मराठवाड्याची शेळी होते. निवेदन मात्र साधं ठेवा, कारण लहान मुलांना दोन्हीकडं बोली वाचायला जड जाते.

छपाई

पानं चारच्या पटीत लागतात. आमचा पहिला अंक 18 पानांचा झाला आणि शेवटी दोन कोरी पानं जोडावी लागली. 16 पानांना ए-फोरचे चार कागद लागतात, दोन्ही बाजूंनी छापून मध्ये दुमडायचे आणि घडीवर दोन पिना मारायच्या. सगळ्यात बाहेरच्या कागदावर 16 आणि 1, त्याच्या मागं 2 आणि 15 येतात. कोऱ्या कागदांची घडी करून हातानं आकडे घालून बघा, चूक लगेच कळते. चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ठेवा, कडेला 3 मिमी जास्तीचं चित्र सोडा आणि अक्षरं कडेपासून 10 मिमी आत घ्या.

पूर्ण छपाईआधी एकच प्रत काढा आणि तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलीला मोठ्यानं वाचायला द्या. तुम्ही मध्ये बोलू नका. ती जिथं अडखळेल तिथला फुगा बदला, जिथं मागचं पान पुन्हा उलटून बघेल तिथली चौकट नव्यानं काढा.

मग शेवटच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या अंकाची एक छोटी चौकट टाका: पोळ्याच्या आदल्या दिवशीची, खांदेमळणीची संध्याकाळ, बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळणारा हात, आणि “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.”