टाकीवर सेन्सर, तरी नळ कोरडा: या चुका टाळा

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात एप्रिलच्या शेवटी गेलो होतो. ग्रामपंचायतीने जलकुंभावर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला होता. सरपंचांच्या मोबाईलवर टाकी ६० टक्के भरलेली दिसत होती आणि खालच्या आळीत दोन दिवस नळाला थेंब नव्हता. एका आजीने रिकामा हंडा खाली ठेवला आणि विचारलं, "आकडा बरोबर शे भाऊ, पन पानी कोठे शे?"

हा प्रश्न खरं तर सेन्सर विकत घ्यायच्या आधीच विचारायला हवा. खानदेशात ग्रामपंचायती, शेतकरी कंपन्या, केळीची पिकवणी केंद्रं, दूध संस्था असे सगळेच आता सेन्सर बसवत आहेत, आणि ते चांगलंच आहे. पण खरेदीच्या बैठकीत चर्चा होते ती कोणता सेन्सर, केवढ्याला आणि ॲप कसं दिसतं याची. आकडा बिघडला की रात्री दोन वाजता उठणार कोण, हे कोणी ठरवत नाही.

त्या गावात एकावर एक तीन चुका झाल्या होत्या. पहिली अगदी साधी. यंत्रातल्या सिमचा रिचार्ज संपला होता. ॲप मात्र शेवटचा मिळालेला आकडा तसाच दाखवत राहिलं. ६० टक्के खरे होते, पण परवाचे. म्हणून स्क्रीनवर आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे हे ठळक दिसलंच पाहिजे, आणि तासभर काही आलं नाही तर आकडा पुसून तिथे 'संपर्क नाही' असं यायला हवं. पुरवठादाराकडून हे लेखी मागून घ्या. सिमचा रिचार्ज वर्षभराचा करा आणि त्याची तारीख कार्यालयातल्या फळ्यावर लिहून ठेवा.

दुसरी चूक आपल्या उन्हाची. असे बरेच सेन्सर आवाजाची लहर सोडतात आणि ती पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतात. २० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना ३५८. हवा तापली की लहर लवकर परतते आणि यंत्राला वाटतं पाणी जवळ आहे, म्हणजे टाकी जास्त भरलेली आहे. सेन्सरपासून पाणी ३ मीटर खाली असेल तर फरक साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास जातो. ६ मीटर व्यासाच्या टाकीत हे साडेतीन हजार लिटर झाले, म्हणजे माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ६४ माणसांचं दिवसाचं पाणी. आणि ही चूक होते नेमकी उन्हाळ्यात, जेव्हा एकेक हंडा मोजावा लागतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणाराच सेन्सर घ्या. तो बसवताना शिडी आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याची धार यांच्यापासून लांब ठेवा, नाहीतर तो शिडीचंच अंतर मोजत बसतो. अगदी जवळचं अंतरही त्याला कळत नाही. स्वस्त सेन्सरमध्ये हा आंधळा पट्टा २०-२५ सेंटीमीटरचा असतो. टाकी काठोकाठ भरते त्या पातळीपासून तेवढा उंच तो बसवला नाही तर टाकी वाहत राहते आणि ॲपवर भलताच आकडा येतो.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त लागली. पाणी कमी झाल्याचा मेसेज जायचा सरपंचांना आणि ग्रामसेवकांना. व्हॉल्व्ह फिरवणारा, मोटर चालू करणारा वॉलमन मात्र त्या यादीतच नव्हता, कारण त्याच्याकडे बटणांचा साधा फोन होता. अहो, साध्या फोनवर कॉल तर लागतो ना! आणि मोटरवर विजेचा सेन्सर नसेल तर निम्मी गोष्ट कळतच नाही. एक फेज गेलेली असेल तर टाकी भरणार कुठून?

आता केळी. रावेरकडच्या एका पिकवणी केंद्रात चेंबरचं तापमान दिवसभर १६.५ दिसत होतं, तरी माल पुढे पळत होता, मधल्या कॅरेटमधल्या फण्या दोन दिवस आधीच पिवळ्या पडत होत्या. सेन्सर लटकवला होता कूलरच्या थंड झोताजवळ. पिकताना केळी स्वतः उष्णता सोडते. रचलेल्या कॅरेटच्या पोटात सळई घालून मोजलं तर २० अंश. हवेचं तापमान आणि गराचं तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टोकदार सळईचा सेन्सर मधल्या कॅरेटमधल्या एका केळाच्या गरात खुपसा, दुसरा दाराजवळ ठेवा, आणि निर्णय गराच्या आकड्यावर घ्या. मात्र घाबरून थंडी वाढवत नेऊ नका. १३ अंशांखाली केळीला थंडी बाधते, साल काळपट होते आणि बाजारात भाव पडतो.

याच केंद्रात मेसेजची मर्यादा १७ अंशांवर लावली होती. कंप्रेसर बंद-चालू होताना तापमान थोडं वरखाली होणारच. प्रत्येक वेळी मेसेज, रात्रभर टिंग टिंग. कंटाळून सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला, आणि कंप्रेसर खरंच ट्रिप झाला तो मेसेज सकाळी वाचला गेला. मर्यादा ओलांडून २० मिनिटं झाली तरच कळवा, आणि रात्री मेसेजऐवजी थेट फोन वाजू द्या.

काही आकडे पाहूनच बिघाड ओळखता येतो. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर खूप ठिकाणी वापरतात. तो अचानक ८५ दाखवू लागला तर बहुतेक वीजपुरवठा डळमळतोय, वायर आणि जोड तपासा. उणे १२७ आलं तर वायर तुटली किंवा निघाली. शंका आली की थर्मासमध्ये बारीक बर्फ आणि थोडं पाणी घालून सेन्सर त्यात बुडवा. दहा मिनिटांनी तो शून्याच्या जवळ यायला हवा.

शेतातल्या ओलाव्याच्या सेन्सरबद्दल एकच सांगतो. आपली काळी जमीन वाळली की भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी होते आणि मुळाशी ओल असूनही आकडा कोरडा येतो. चिखल करून तो घट्ट बसवा, ठिबकच्या ओल्या पट्ट्यातच ठेवा. आणि बॅटरीचा डबा सावलीत, सौर पॅनलच्या मागे. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करणं तिला मानवत नाही, आणि भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याचा डबा आत किती तापतो हे हात लावून बघा.

त्या गावात आता फोन वॉलमनभाऊंना जातो. दर सोमवारी ते टाकीवर चढून मोजपट्टीने पातळी घेतात आणि वहीत सेन्सरच्या आकड्याशेजारी लिहितात. मध्यंतरी दोन सोमवार फरक वाढलेला दिसला. त्यांनी झाकण उघडलं, सेन्सरच्या तोंडावरचं कोळ्याचं जाळं बोटाने काढलं आणि वहीत तेही लिहून ठेवलं.