क्रॉसाँचे पदर सुटत नाहीत? या चुका टाळा

चिरोटे जमतात त्याला क्रॉसाँ, म्हणजे बटरचे खुसखुशीत पदर सुटणारा तो फ्रेंच प्रकार, अर्धा आलाच, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगायचे. मग एका एप्रिलमध्ये डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात पहिली खेप केली. ओव्हनचं दार उघडलं तर ट्रेमध्ये वितळलेल्या बटरचं तळं, आणि त्यात क्रॉसाँ पुरीसारखे तळले जात होते. सासऱ्यांनी एक मोडून खाल्ला आणि मनापासून म्हणाले, "पाव छान झालाय."

चिरोट्यात साटा असतो. तूप आणि कॉर्नफ्लोअर फेटलेलं असतं, त्यामुळे हात थोडा चुकला तरी निभावतं. क्रॉसाँत पिठाच्या दोन पदरांमध्ये नुसतं बटर असतं. शिवाय पिठात यीस्ट. यीस्टला ऊब हवी, बटरला गारवा, आणि हे भांडण शेवटच्या मिनिटापर्यंत आपल्यालाच सोडवत बसावं लागतं. माझ्या बिघडलेल्या बहुतेक खेपांचं मूळ इथेच निघालं.

बटर आणि पीठ यांचा मऊपणा न जुळणं

सगळ्यात मोठी चूक हीच. सगळे सांगतात, "बटर थंड ठेवा." म्हणून आपण ते फ्रीजमधून काढतो आणि तसंच पिठात गुंडाळून लाटायला घेतो. पीठ लाटण्याखाली पसरतं, बटर पसरत नाही, तुटतं. पिठाच्या आतून फुटक्या फरशीसारखे पांढरट-पिवळे तुकडे दिसायला लागले की समजा, काम बिघडलं. तुकडा आहे तिथे बटर, फट आहे तिथे पिठाला पीठ चिकटलेलं. भाजल्यावर वरून एखाददुसरा पापुद्रा निघतो, आत मात्र पाव.

उलटंही होतं. बटर फार मऊ असेल तर ते पिठात मुरतं, पदर उरतच नाहीत. चव चांगली लागते, पण तो गोड बन झाला.

५०० ग्रॅम मैद्याला मी २५० ग्रॅम बटर घेते. दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकते आणि १८ सेंटीमीटरचा चौकोन करते. मग परीक्षा: हा चौकोन लाटण्यावर अलगद वाकवून बघायचा. कडकन तडा गेला तर अजून थंड आहे. बोट आत रुतलं तर उशीर झाला. चामड्याच्या पट्ट्यासारखा वाकला पाहिजे. थर्मामीटर असेल तर साधारण १३ ते १५ अंश. पीठ त्याहून थोडं गार चालतं, कारण गार असतानाही ते बटरइतकं कडक होत नाही.

उन्हाळ्यात ओटा हाच शत्रू. ग्रॅनाइट दुपारी चांगलाच तापलेला असतो. बर्फाच्या दोन पिशव्या पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवा, मग ओटा कोरडा पुसून त्यावर लाटा. मी तर मे महिन्यात पहाटे साडेपाचलाच उभी राहते. लाटताना बटर घाम सोडतंय असं वाटलं की थांबा, पीठ झाकून फ्रीजमध्ये अर्धा तास. घाईने फ्रीजरमध्ये टाकू नका. कडा दगड होतात, मधलं मऊच राहतं, आणि पुढच्या लाटणीला पुन्हा तेच तुकडे.

आता नेहमीचा प्रश्न: घरचं लोणी चालेल का? नाही. त्यात पाणी किती राहिलंय याचा भरवसा नसतो आणि ते पटकन ढिलं पडतं. तूपही नको. बटरमध्ये जे थोडं पाणी असतं त्याचीच ओव्हनमध्ये वाफ होते आणि पदर उचलले जातात. तुपात ते पाणीच नाही. आपल्याकडच्या टेबल बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. फ्रेंच बेकर ८२ टक्क्यांचं वापरतात, आणि पदरांच्या कामासाठी त्यांना ८४ टक्क्यांच्या तयार लाद्याही मिळतात. आपल्या बटरने काम होतं, फक्त ते जरा लवकर मऊ पडतं. खारं बटर घेतलंत तर पिठातलं मीठ कमी करा.

जास्त घड्या म्हणजे जास्त पदर, हा समज

पत्राच्या घडीसारखी तीन पदरी घडी तीन वेळा घातली की बटरचे २७ थर होतात. पुरे. पाचव्या-सहाव्या घडीला थर इतके पातळ होतात की पिठातच विरतात. खारीत घड्या जास्त चालतात, पण खारीच्या पिठात बहुधा यीस्ट नसतं.

दोन घड्यांच्या मध्ये पीठ लाटताना मागे ओढलं जात असेल तर जोर लावू नका. ते दमलंय. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये निजू द्या. याच कारणासाठी पीठ सुरुवातीला फार मळायचं नसतं. पुढची सगळी लाटणी म्हणजे मळणीच की.

शेवटी चारही कडा सुरीने कापून टाका. तिथे बटर पोचलेलं नसतं. आमच्या घरी या कडांवर साखर-दालचिनी भुरभुरून त्या वाटीत भाजतात, आणि खरं सांगायचं तर मुलांना क्रॉसाँपेक्षा तेच जास्त आवडतं. मग लाटलेल्या पिठाचे त्रिकोण कापून गुंडाळा, पण घट्ट नको. आणि चंद्रकोर जमली नाही म्हणून हिरमुसू नका. फ्रान्समध्ये शुद्ध बटरचा क्रॉसाँ बहुधा सरळच असतो.

फुगवताना ऊब देणं

माझ्या त्या पहिल्या खेपेचा घात इथे झाला. पावाच्या सवयीने मी ट्रे गरम ओव्हनमध्ये फुगायला ठेवला होता. बटर तिशीच्या पुढे वितळायला लागतं. भाजायच्या आधीच ते पदरांतून निसटून गेलं होतं.

२४ ते २६ अंश हवेत, आणि वेळ दोन-अडीच तास. मुंबईकडच्या उन्हाळ्यात ही जागा घरात एकच: एसी लावलेली बेडरूम. एसी २५ वर, ट्रे स्टुलावर, वर एक मोठी प्लास्टिकची पिशवी फुगवून झाकलेली, नाहीतर वाऱ्याने वरची साल सुकते आणि तडकते. पाहुण्यांना कारण सांगावं लागतं, सांगायचं.

घाई केली तरी बटर गळतंच. कमी फुगलेलं पीठ ओव्हनमध्ये फाटतं, आत चिकट पट्टा राहतो. झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका, ट्रे हलकेच हलवा. क्रॉसाँ जेलीसारखे थरथरले आणि बाजूने पदर वेगळे दिसायला लागले की ओव्हन तापवायला घ्या. ते पसरून बसके व्हायला लागले असतील तर उशीर झालाय, तसेच आत ढकला.

अंडं फेटून लावताना ब्रश कापलेल्या कडांवर ओघळू देऊ नका. अंडं वाळलं की पदर डिंकाने चिकटवल्यासारखे बंद होतात.

करपेल या भीतीने लवकर काढणं

ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन) २१० वर नीट तापवा, ट्रे ठेवल्यावर १९० वर आणा, १८ ते २२ मिनिटं. फिकट सोनेरी रंगावर हात शिवशिवतो, पण तेव्हा आतला भाग ओलाच असतो आणि बाहेर काढल्यावर क्रॉसाँ खाली बसतो. गडद तपकिरी होऊ द्या. वरचा रॉड जवळ असेल तर ट्रे एक खाच खाली ठेवा.

पावसाळ्यात सकाळचा कुरकुरीतपणा दुपारी गेलेला असतो. त्याला इलाज नाही, पण १६० वर पाच-सहा मिनिटं ठेवलं की बराचसा परत येतो. मायक्रोवेव्हमध्ये ठेवाल तर पुन्हा पाव.