बर्फ ओढल्यावर कसा तुटतो? फ्रीझरमध्ये करून बघा

बर्फ दाब चांगला सोसतो, ओढ मात्र त्याला सोसत नाही. गोड्या पाण्याचा बर्फ दाबून फोडायला साधारण ५ ते २५ मेगापास्कल (दाब किंवा ताण मोजायचे एकक, म्हणजे दहा लाख पास्कल) लागतात. ओढून तोडायला ०.७ ते ३ पुरतात. एक चौरस सेंटिमीटर छेदाची कांडी चौदा-पंधरा किलोच्या ओढीने तुटू शकते. कारण फटीत आहे. दाबाखाली फटी मिटतात, आणि बऱ्याच फटी एकमेकींना मिळाल्याशिवाय तुकडा पडत नाही. ओढताना एकच फट उघडली तरी काम तमाम. फट पसरू न देण्याची ताकद बर्फात काचेच्याही काही पटींनी कमी असते.

हे स्वतः तपासायचे तर कांडीची दोन टोके पकडून ओढू नका. ती पकडीतच फुटते आणि आकडा फसवा येतो. त्यापेक्षा कांडी दोन आधारांवर आडवी ठेवून मध्ये वजन टांगा. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, त्यामुळे तुटायची सुरुवात खालूनच होते.

कांडी तयार करणे. वायरिंगसाठी वापरतात तसली प्लॅस्टिकची चौकोनी पट्टी घ्या, टोके बंद करा. कांडी ३० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद आणि १ सेंमी जाड हवी. पाणी उकळून गार केलेले घ्या, म्हणजे बुडबुडे कमी राहतात. चार-पाच कांड्या तरी करा. ठिसूळ वस्तूची ताकद तिच्यातल्या सर्वांत वाईट दोषावर ठरते, त्यामुळे एका कांडीवरून काहीच सांगता येत नाही.

दुसरा प्रकारही जरूर करा: साच्यात बर्फाचा बारीक चुरा भरून त्यावर बर्फाइतके थंड पाणी ओता आणि गोठवा. यात स्फटिकांचे कण लहान राहतात. कण लहान तितका बर्फ ओढीला चिवट, कारण सुरुवातीची फट साधारण कणाएवढीच असते. फक्त चुऱ्यात हवा अडकू देऊ नका, नाहीतर बुडबुडेच कमाई खाऊन टाकतील.

तोडणे. दोन लाकडी आधार २५ सेंमी अंतरावर ठेवा. मध्ये कापडाची रुंद पट्टी गुंडाळून तिला छोटी बादली टांगा. बारीक दोरी बर्फात रुतते. बादली जमिनीपासून दोन बोटे वर असू द्या, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घाला. कांडी फ्रीझरमधून काढल्याबरोबर अर्ध्या मिनिटात, एकसारख्या धारेने वाळू ओता. तुटली की बादली, वाळू आणि पट्टी सगळे एकत्र तोला.

ताण काढायचे सूत्र असे: ३ × बल × आधारांतले अंतर, भागिले २ × रुंदी × जाडीचा वर्ग. बल न्यूटनमध्ये आणि मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर पास्कलमध्ये येते. १.२ किलोला, म्हणजे सुमारे १२ न्यूटनला कांडी तुटली, तर ताण १.५ मेगापास्कल. जाडी तुटल्या जागीच मोजा. तिचा वर्ग होतो, त्यामुळे एका मिलिमीटरची चूक उत्तरात वीस टक्क्यांची होते. वाकवून आलेला आकडा सरळ ओढीपेक्षा थोडा जास्तच असतो, कारण पूर्ण ताण फक्त खालच्या पातळ थराला बसतो.

तुटलेला पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरा. फट जिथून निघाली ती जागा खालच्या कडेजवळ शोधा. तिथे बरेचदा बुडबुडा किंवा ओरखडा सापडतो.

सावकाश वाकवणे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच भाग. हाच बर्फ अगदी हळू ओढला तर तुटण्याऐवजी वाहतो. स्फटिकातले षट्कोनी थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सरकतात. उणे १० अंशांच्या आसपास वाहणे आणि तुटणे यांतली सीमा सेकंदाला मूळ लांबीच्या सुमारे एक कोट्यंश वाढ इतकी कमी आहे. एक मीटरची कांडी दिवसाला ९ मिलिमीटरपेक्षा बऱ्याच वेगाने लांबवायला गेलात, तर ती ठिसूळपणे तुटणार. हिमनद्या वाहतात आणि तरी त्यांना भेगा पडतात, ते याचमुळे: ओढ वाढली की प्रवाह तिला पुरा पडत नाही.

नवी कांडी प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळा, नाहीतर कोरड्या थंडीत ती झिजत जाते. फ्रीझरमध्येच आधारांवर ठेवून मध्ये ४०० ग्रॅम वाळूची पिशवी टांगा. आधारांवर दोरा ताणून बांधा आणि मध्यभागी दोरा व कांडी यांतले अंतर रोज मोजा. मोठी अपेक्षा ठेवू नका. उणे १८ अंशांना अनेक दिवसांत एखाद-दोन मिलिमीटर बाक येईल. कमी थंड फ्रीझरमध्ये वेग वाढतो.

शेजारी २०० ग्रॅम टांगलेली कांडी लावण्याचा मोह होईल. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या नियमानुसार बर्फाच्या वाहण्याचा वेग ताणाच्या साधारण घनाने वाढतो, म्हणजे वजन निम्मे केले की वेग आठव्या हिश्श्यावर येतो. तिचे वाकणे घरच्या पट्टीवर दिसणे अवघड. त्यापेक्षा ५०० ग्रॅम लावा आणि ४००च्या कांडीशी ताडून बघा. वेग जवळपास दुप्पट यायला हवा.