जर्मनीत नवीन आलेल्यांसाठी : लिब्रेऑफिसच्या कामात सहभागी होताना

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा जोडीदारासोबत जर्मनीत आलेली मराठी मंडळी घर, आरोग्य विमा आणि भाषेचे वर्ग मार्गी लागले की बहुधा एकच प्रश्न विचारतात : मोकळ्या वेळात असे कोणते काम करावे, ज्यातून इथल्या लोकांशी ओळख होईल आणि शिकलेलेही गंजणार नाही? संगणकाची आवड असणाऱ्यांना मी अनेक वर्षे लिब्रेऑफिसचे, म्हणजे लेखन, तक्ते, सादरीकरण अशा कचेरीच्या कामांसाठीच्या मोफत व खुल्या सॉफ्टवेअरचे, नाव सुचवत आले आहे, कारण हा प्रकल्प जगभरच्या स्वयंसेवकांचा असला तरी त्याची मुळे याच देशात आहेत.

त्याचा पूर्वज स्टारऑफिस हा स्टारडिव्हिजन या जर्मन कंपनीचा. १९९९ मध्ये ती सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, पुढच्या वर्षी त्याचा कोड (प्रोग्रामची मूळ संहिता) सर्वांसाठी खुला झाला आणि ओपनऑफिस जन्माला आले. सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर, २८ सप्टेंबर २०१० रोजी, कार्यकर्त्यांच्या मोठ्या गटाने वेगळे होऊन लिब्रेऑफिसची घोषणा केली. २०११ मध्ये त्यांनी प्रतिष्ठानाच्या भांडवलासाठी लोकांना आवाहन केले, तेव्हा ५०,००० युरो अवघ्या आठ दिवसांत जमले. त्यातून २०१२ मध्ये बर्लिनमध्ये 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' कायदेशीररीत्या उभे राहिले. जर्मन कायद्यातील अशा प्रतिष्ठानाला मालक नसतो आणि त्याचा पैसा ठरलेल्या उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो. तुम्ही दिलेला वेळ उद्या कोणा कंपनीच्या खिशात जाईल का, या रास्त शंकेचे उत्तर या रचनेत आहे. २०२४ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपल्या प्रशासनातील सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामुळे इथल्या सरकारी कचेऱ्यांतील कामही आता या स्वयंसेवकांच्या मेहनतीवर काही अंशी अवलंबून आहे.

नवीन आलेले बहुतेकजण पहिल्याच दिवशी कोडला हात घालू पाहतात. माझा आग्रह असा की सुरुवात बगच्या, म्हणजे प्रोग्राममधील चुकांच्या, तपासणीपासून करावी. बगझिला या प्रकल्पाच्या तक्रार-नोंदवहीच्या संकेतस्थळावर जगभरातून आलेल्या तक्रारींपैकी कित्येक 'अनकन्फर्म्ड' म्हणून पडून असतात, म्हणजे तक्रारदाराशिवाय दुसऱ्या कोणी ती चूक अजून पाहिलेली नसते. अशी एक तक्रार उघडावी, जोडलेली फाइल उतरवून घ्यावी आणि ताज्या आवृत्तीत सांगितलेल्या पायऱ्या जशाच्या तशा करून पाहाव्यात. चूक दिसलीच, तर ती आपल्याच सेटिंगमुळे नाही ना, हे सेफ मोडमध्ये, म्हणजे आपली सेटिंग बाजूला ठेवून प्रोग्राम सुरू करून, पुन्हा तपासावे. मग मदत मेनूतील 'अबाउट' खिडकीतून आवृत्तीची सगळी माहिती उचलून नोंदीत चिकटवावी आणि काय केले, काय अपेक्षित होते व प्रत्यक्षात काय झाले, हे तीन-चार वाक्यांत लिहावे. जुन्या आवृत्तीत तीच गोष्ट नीट चालत असेल तर तेही सांगावे, कारण तेवढ्या माहितीवरून अनुभवी कार्यकर्ते नेमक्या कोणत्या बदलाने बिघाड झाला, ते हुडकून काढतात. या कामाला सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा यावी लागत नाही, पण चिकाटी लागते. चार-दोन महिने ते नेटाने करणाऱ्याला प्रकल्पातील लोक नावाने ओळखू लागतात.

मराठी माणसाजवळ इथे एक जमेची बाजू आहे. देवनागरीतील चुका देवनागरी वाचणाऱ्यालाच दिसतात. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन. दुसऱ्या शब्दातील आडवा रफार दोन वेगवेगळ्या पद्धतींनी टंकता येतो आणि दिसायला दोन्ही सारखेच असतात. तो निरनिराळ्या फॉन्टमध्ये नीट उमटतो का, पीडीएफ केल्यावर टिकतो का, एका पद्धतीने टंकून शोध घेतला तर दुसरीने टंकलेला शब्द सापडतो का, हे कोणीतरी बसून तपासायला हवे. ते काम आपण केले नाही तर दुसरे कोणी करील, ही अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. मेनू आणि सूचनांचा मराठी अनुवादही स्वयंसेवकच वेबलेट या अनुवादाच्या संकेतस्थळावर करतात.

कोडकडे वळायचे असेल तर बगझिलातच 'ईझी हॅक' अशी खूण केलेली, नवख्यांना जमतील अशी सोपी कामे आहेत. ती घेण्यासाठी 'कृपया हे मला द्या' अशी विनंती करून थांबून राहू नये. काम स्वतःच्या नावावर लावून घ्यावे आणि जमत नसेल तर वेळेवर सोडून द्यावे. कोणालाही 'सर' म्हणू नये. इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावानेच हाक मारतात. पहिल्या पॅचसोबत (पॅच म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल), आपले योगदान प्रकल्पाच्या परवान्यांखाली देत असल्याचे लेखी निवेदन पाठवावे लागते. पॅच गेरिट या कोड तपासण्याच्या संकेतस्थळावर गेला की कोणी 'वजा एक' असा शेरा देईल आणि खाली एकच कोरडे वाक्य असेल. आपल्याकडच्या सौजन्याची सवय असलेल्यांना ते फार लागते, असे मी वारंवार पाहिले आहे. पण तो शेरा त्या पॅचपुरता असतो. सुधारून त्याच जागी पुन्हा पाठवला की तोच माणूस तितक्याच सरळपणे तो स्वीकारतो.

नोकरी करणाऱ्यांनी त्याआधी आपला करार नीट वाचावा. जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ६९ ब नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचे आर्थिक हक्क मालकाकडे जातात. म्हणून कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा कामाच्या वेळेत काही लिहू नये आणि करारात इतर कामे कळवण्याचे कलम असेल तर लेखी कळवून ठेवावे. 'गूगल समर ऑफ कोड'सारख्या मानधनाच्या कार्यक्रमात अर्ज करणाऱ्यांनी आपल्या व्हिसावर ते चालते का, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आधी विचारावे.

किमान तीन महिने सातत्याने काम केले आणि पुढचे सहा महिने करण्याची तयारी असली की फाउंडेशनच्या सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो. सदस्याला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असते, आणि तिथे नागरिकत्व किंवा पदवी विचारली जात नाही. प्रत्यक्ष भेटीगाठींसाठी, दरवर्षी हिवाळ्यात ब्रसेल्सला भरणाऱ्या फॉसडेम या खुल्या सॉफ्टवेअरच्या संमेलनाला जावे. त्याला प्रवेश शुल्क नाही, नावनोंदणीही लागत नाही. कोलोनहून थेट रेल्वेने दोनेक तासांत पोहोचता येते, पण त्या शनिवार-रविवारी राहण्याच्या जागा लवकर भरतात, म्हणून खोली दिवाळीच्या सुमारासच ठरवून टाकावी.