बडोद्यात बागेतली वानरं, खारी न् मोर घरातल्याच वस्तूंनी कसे लांब ठेवायचे

अकोटा असो, मांजलपूर असो, थोडी झाडं लावली की वानरं येतातच, वरून खारी आणि मोर. आधी नुकसान कोण करतंय ते नीट बघा, एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. जास्वंदीच्या कळ्या न् कोवळी पानं ओरबाडून फांद्याच मोडल्यात तर वानर, पेरू एका बाजूनं कुरतडलाय तर बहुतेक खार, आणि माती उकरून नुकती उगवलेली मेथी गायब तर मोर.

वानरं आणि खारींसाठी १०-१२ तिखट हिरव्या मिरच्या न् एक लसणाचा गड्डा वाटून लिटरभर पाण्यात उकळायचा, खिडक्या उघड्या ठेवा नाहीतर घरभर ठसका लागतो, गार झालं की फडक्यानं गाळून भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालायचे म्हणजे पानाला चिकटतं. आधी एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळीकडे मारा, हातात ग्लोव्हज हवेतच, आणि भाजी खाण्याआधी चांगली धुवा. पाऊस पडला की परत मारायचं.

मोरावर हे चालत नाही, पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. त्याच्यासाठी वाफ्यावर जुनी मच्छरदाणी किंवा सुती साडी चार काठ्यांवर ताणून बांधा, कडा विटांनी दाबा. बारीक नायलॉनची जाळी सैल सोडू नका प्लीज, त्यात पक्षी, साप अडकून तडफडून मरतात.

खारीसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो १५ किलोचा तेलाचा रिकामा डबा. कापून सपाट करायचा, कडा दुमडायच्या, आणि खोडाला जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोनेक फूट रुंद पट्टा गुंडाळायचा, पत्र्यावर नखं टिकत नाहीत, पण फांद्या भिंतीला किंवा तारेला टेकत असतील तर आधी त्या छाटा नाहीतर उपयोग शून्य. चिकू असेल तर तयार झाला की कडकच उतरवा, घरात पिकतो.

जुन्या चकचकीत सीडी (CD) वगैरे बुजवायला टांगता येतात, पण जागा बदलत राहावी लागते, वानरं लगेच ओळखतात.

आणि वानरांना शनिवारी केळी, पोळ्या घालणं खरंच थांबवा, शेजाऱ्यांनाही सांगा, एका गच्चीवर खायला मिळालं की अख्खी टोळी सगळ्या लाइनीत फिरते.

डांबराच्या गोळ्या, विष, करंटची तार अजिबात नाही. पोरं न् कुत्री-मांजरं तिथंच खेळतात, आणि मोर न् वानर दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.